तीन महिन्यांसाठी उसन्या नेलेल्या बाई

लू वानछिंग बाई आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या एकुलत्या एक शिक्षिका. तालुक्याच्या शिक्षण कचेरीने त्यांना तीन महिन्यांसाठी उसनं नेलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांचे वर्ग माझ्या गळ्यात टाकले. मी कवायत शिकवतो. माझा आवाज मोठा आहे, पोरं ऐकतील, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या कान्सू प्रांतात माणसं उसनी नेणं नवं नाही. अहवाल लिहायला कचेरीत कुणी नसतं. बाईंच्या वाट्याला पहिलाच अहवाल आला तो खेड्यातल्या शाळांना इंग्रजीचे शिक्षक का मिळत नाहीत, यावर. तो इतका छान उतरला, की कचेरीचे प्रमुख शाओ साहेब यांनी त्यांना आणखी तीन महिने ठेवलं. मग आणखी तीन. असं करता करता तिसरं वर्ष सरलं.

शाओ साहेबांना बढतीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. दुपारी सगळी कचेरी डुलकी काढायची तेव्हा बाई त्यांना शिकवत. एकदा 'बॉरो' हे क्रियापद आलं. साहेब म्हणाले, हे तर आपलं चिनी 'ज्ये'. बाईंनी समजावलं, की आपण उसनं घेतानाही 'ज्ये' म्हणतो आणि देतानाही. इंग्रजीत घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड'. शिवाय 'बॉरो' हे क्षणात उरकणारं काम. किती दिवस ते सांगायचं, तर 'कीप' म्हणावं लागतं.

साहेबांनी उदाहरण मागितलं.

"कचेरीने मला बॉरो केलं ते एका मंगळवारी सकाळी," बाई म्हणाल्या. "त्यानंतरची तीन वर्षं, कीप."

साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं, दोनदा मोठ्याने म्हटलं आणि विचारलं, "उच्चार जमतोय ना?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी परत जाण्याचा अर्ज दिला. कचेरी म्हणाली, शाळेने मागायला हवं. मुख्याध्यापक म्हणाले, वरच्यांकडे मागणं बरं दिसत नाही.

साहेब चांगल्या गुणांनी पास होऊन शहरात गेले. नव्या साहेबांना हजेरीपटावर बाईंचं नावच सापडेना. परकं माणूस खुर्ची अडवून बसलंय, म्हणून त्यांनी त्यांना त्याच दिवशी घालवून दिलं.

बाई वर्गावर आल्या. पोरांना 'रन', 'स्टॉप', 'टर्न' अगदी अस्खलित येत होतं, त्यापलीकडे काही नाही. बाई मला बोलल्या नाहीत. रोज एक तास मागच्या बाकावर बसा, एवढंच म्हणाल्या. मी बसतो. परवाच्या चाचणीत मला शंभरात एकसष्ट पडले.