साडेसव्वीस इंच

टेबलावरून नळी घरंगळली, फरशीवर टणटण करत गेली आणि कपाटाखाली जाऊन गप्प झाली. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहत राहिले. खारूने कूस बदलली, उशीत नाक खुपसलं आणि पुन्हा झोपून गेली. माझी लेक पाच वर्षांची. खारीसारखी तुरुतुरु पळते म्हणून खारू. ती दुपारची झोपते तेवढाच वेळ माझा. त्या वेळात भांडी असतात, घड्या घालायचे कपडे असतात, आणि आता हे बाण.

नळी शोधून पुसली आणि टेबलावरच्या काचेवर ठेवून बोटाने हलकेच ढकलली. सरळ असली की निमूट घरंगळते, वाकडी असली की थडथडते. ही सरळ होती. अ‍ॅल्युमिनियमची, पेन्सिलीएवढी जाड, दोन्हीकडून उघडी. ना टोक, ना पिसं. अजून ती कुणाचीच नव्हती.

खारूचा बाबा गेल्या वर्षी वेगळा राहायला गेला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आदळआपट काही झाली नाही. कपडे नेले, पुस्तकं नेली, आपलं धनुष्य नेलं, माझं ठेवलं. जुन्या धर्तीची, साधी लाकडी धनुष्यं आमची. नव्या धनुष्यांसारखी चाकं नाहीत, नेम धरायची खूण नाही. हा छंद मुळात त्याचाच. लग्नाआधी मैदानावर तोच मला शिकवायला उभा असायचा, आणि माझा नेम का चुकतो ते त्याच्याशिवाय साऱ्या मैदानाला ठाऊक होतं. पुढे माझं धनुष्य त्याने निवडलं, बाण त्याने बनवले. मी फक्त मारत गेले.

वर्षभराने पुन्हा मैदानावर गेले तर ते धनुष्य मला वाकेचना. बदलून हलकं, कमी जोराने ओढता येईल असं घेतलं. पण जुने बाण या हलक्या धनुष्यातून सुटले की डावीकडे पळायचे. एकही धड जाईना, आणि होते तेवढे सगळे गवतात हरवले. बाणांच्या दुकानदाराने कारण सांगितलं. बाण सुटताना जरासा लवतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. हलक्या धनुष्याच्या धक्क्याने ताठ बाण लवतच नाही, मग तो बाजूला जातो.

"तुमचं धनुष्य मऊ, बाण ताठ. दोघांचं जमायचं कसं?" तो सहज म्हणाला. मी हसले नाही तसा बिचारा घाईघाईने नळ्या काढायला वळला.

मऊ जातीच्या नळ्या निवडून झाल्यावर त्याने विचारलं की बाणाची लांबी किती ठेवता. खारूच्या बुटांचा नंबर मला माहीत, तिचा ताप कितीवर गेला की औषध द्यायचं ते माहीत, पडद्याची लांबीरुंदीसुद्धा पाठ. माझ्या बाणाची लांबी? ती मी कधी विचारलीच नव्हती. तयार बाण हातात यायचा.

मग त्याने नळ्या न कापताच दिल्या. घरी कुणाला तरी शेजारी उभं करा म्हणाला. तुम्ही दोरी पूर्ण ओढून धरा, त्यांनी धनुष्याच्या पुढे बोटभर जागा सोडून नळीवर खूण करायची. आणि जपून, कारण नळी जितकी आखूड कराल तितकी ताठ होते, आणि कापलेली काही परत वाढत नाही.

घरी कुणाला तरी. नळ्यांबरोबर हे तीन शब्दही पिशवीतून घरी आले.

एकटीने करून पाहिलं. नळीवर कपड्यांचा चिमटा लावला, भिंतीला गादी टेकवून तिच्याकडे तोंड करून ओढलं. पण चिमटा कुठे आला ते बघायला मान पुढे काढावी लागायची, आणि मान काढली की ओढ बदलायची. दर वेळी माप निराळं. एक हात धनुष्यात, एक दोरीत. खूण करायला तिसरा हात लागतो, आणि तो दुसऱ्या माणसाचा असावा लागतो.

शेवटी मी खारूच्या बाबाला मेसेज टाकला. नमनाला घडाभर तेल न घालता एवढंच विचारलं की माझ्या बाणांची लांबी किती ठेवायचास. फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं.

"साडेसव्वीस."

पुढे काही येईल म्हणून मी थोडा वेळ फोन हातात धरून बसले. काही आलं नाही. तरी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर्ष झालं तरी माझं माप त्याला तोंडपाठ होतं. कुणाच्या तरी डोक्यात आपण अजून आहोत, इंचात का होईना.

खारू झोपलेली असतानाच एक नळी साडेसव्वीसवर कापली. नळीभोवती कापायचं छोटं चाक हळूहळू फिरवत न्यायचं, घाई केली की कड चेपते. मग कानशीने कड साफ केली. गोंदाची कांडी मेणबत्तीवर मऊ करून टोकाच्या दांड्यावर फिरवली आणि टोक नळीत दाबून बसवलं. मागे दोरी अडकवायची खाच बसवली. पिसं लावायचा धीर नव्हता. आधी बसतो का ते बघायचं होतं.

गादीसमोर उभी राहिले, दोरी पूर्ण ओढली. बोट ओठांच्या कोपऱ्याला लागलं. आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या बोटावर गार काहीतरी टेकलं. बाणाचं टोक होतं ते. धनुष्याच्या पुढे राहायचं ते मागे, माझ्या मुठीवर येऊन बसलं होतं. तसाच सुटला असता तर हातात घुसला असता. मी दोरी हळूहळू परत सोडली आणि खुर्चीत बसून राहिले.

पुन्हा मोजलं. साडेसव्वीस म्हणजे साडेसव्वीसच. कापण्यात माझी चूक नव्हती, आणि सांगण्यात त्याची तरी कुठे होती?

खारू उठेपर्यंत मी त्या आखूड बाणाकडे बघत बसले. ती उठली तशी तिला घेऊन मी खालच्या शिवणकाकूंकडे गेले. त्यांच्या मशीनचा आवाज वर्षभर माझ्या पायाखालून येतोय. उन्हाळ्यात खारूचा फ्रॉक शिवून घेतला तेवढंच; एरवी जिन्यात त्या दिसल्या की मी पिशवीत किल्ल्या शोधायला लागायचे. विचारतील, "हे दिसत नाहीत हल्ली?" या भीतीने. आज दारात उभी राहून म्हटलं, काकू, एक खूण करायला वर याल का?

गळ्यात टेप, कानावर पेन्सिल अशा त्या आल्या. धनुष्य बघून दारातच थबकल्या.

"अगं, फ्रॉकचं माझं बिल राहिलंय म्हणून मारतेस की काय मला?"

"टोक नाहीये काकू याला. आणि तुम्ही माझ्या बाजूला उभं राहायचं, पुढे नाही."

"मारणारे सगळे असंच म्हणतात."

खारूला मागे खुर्चीवर बसवलं, उतरायचं नाही म्हणून बजावलं. न कापलेली नळी लावली आणि ओढायला घेतली. काकूंनी टेप सावरला, माझ्या खांद्याला पेन्सिलीने टोचून म्हणाल्या, "श्वास सोड गं. कोंडलेल्या श्वासाचं माप घेतलं की पुढे गळा कुठे आवळला ते कपडा सांगतो." मी श्वास सोडला. खांदा खाली गेला, पाठ आपोआप पसरली, बोट ओठाला टेकून तिथेच राहिलं. काकूंनी धनुष्याच्या पुढे बोट ठेवून पेन्सिलीची रेघ मारली.

दोरी सोडून, नळी काढून मोजली. साडेसव्वीसच्या बरीच पुढे होती ती रेघ.

"आम्ही शिवणीत कापड सोडतो, उसवून वाढवायला," काकू म्हणाल्या. "तुझ्या या नळीत काही सोय नाही तशी. आधी कुणी घेतलं होतं माप?"

मी सांगितलं. काकूंनी पेन्सिल कानावर परत ठेवली आणि उगाचच टेप गुंडाळत बसल्या.

मला ते जड धनुष्य आठवलं. होईल सवय, असं तो म्हणायचा. ओठांपर्यंत दोरी माझ्याने कधी आलीच नाही. हनुवटीच्या अलीकडे हात थरथरायला लागायचा आणि मी सोडून द्यायचे. तिथवरच मी पोचते असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटत आलं. हलकं धनुष्य घेऊनही मैदानावर मी सवयीने तिथूनच सोडत होते. तिथेच त्याने खूण केली आणि ती मनापासून पाठ केली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. तरी मघाशी मेसेज वाचून जे बरं वाटलं होतं ते आता कुठे ठेवावं, मला सुचेना.

"आता माझं," खारू खुर्चीवरून उतरून काकूंच्या पुढ्यात उभी राहिली. ताठ, हात अंगाला चिकटवून.

काकूंनी टेप तिच्या टाचेखाली अडकवला, डोक्यापर्यंत नेला आणि भुवया उंचावल्या. म्हणाल्या, बाई गं, उन्हाळ्यात फ्रॉक शिवला तेव्हापासून चांगली चार बोटं वाढलीस, त्याची खालची पट्टी उसवावी लागणार. खारू फुगून दुप्पट झाली. टेप हातात घेऊन तिने आपला आकडा नखाने दाबून धरला, पुसला जाईल की काय अशा काळजीने.

मग माझ्याकडे वळली.

"आई, मी वाढले हे बाबाला कसं कळणार?"