सव्वा किलोचा तंबू

सुट्टीत शिंपी आणि त्याचा साडू, दोन्ही जोडपी सायकलवर सहलीला निघणार होती. साडूने सायकलवर न्यायला हलका, अवघ्या दोन किलोचा तंबू घेऊन सगळ्या सासुरवाडीत मिरवला, तेव्हापासून शिंप्याच्या पोटात दुखत होतं. त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा दुकानात नेला, एकेक तंबू तोलला, दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि निम्म्या किमतीत सव्वा किलोचा पटकावला. "आता मिरव म्हणावं!"

घरी येऊन त्याने तंबू उभारला. बायको आत जाऊन आडवी झाली. मागोमाग हा शिरायला गेला, तर गुडघे टेकण्यापुढे जागाच नाही; तंबू एकट्यापुरताच!

"लोकांची मापं घेण्यात जन्म गेला, आणि इथे नुसतं वजन केलंत?" ती आतून म्हणाली. "असू दे. तुम्ही झोपा यात. मी ताई-भावजींच्या तंबूत झोपेन, त्यांचा तिघांचा आहे."