उकळलेलं तेल

शैलजाआत्या त्याला कपाट म्हणू देत नसत. "साइडबोर्ड म्हण, रेणू. डॅनिश आहे तो," हे मला तीनदा ऐकवून झालं होतं.

आत्या माझ्या नवऱ्याच्या, सौमित्रच्या. त्यांचे यजमान चंद्रशेखरकाका अडुसष्ट साली इथे अमेरिकेत शिकायला आले आणि पहिली नोकरी लागल्यावर एका प्राध्यापकाच्या घरून त्यांनी हा बुटका, सागवानी, चार ड्रॉवरचा साइडबोर्ड घेतला. पाठीवर डाग देऊन उमटवलेलं कोपनहेगन. काका गेले, आत्या फ्लोरिडाला राहायला निघाल्या आणि जाताना तो श्रूजबरीला आमच्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये ठेवून गेल्या. वर्षातून एकदा तेल लावायचं, म्हणाल्या. तान्ह्या बाळाला लावतो तसं, जिरवून.

थँक्सगिव्हिंगला त्या येणार होत्या, आणि त्याच्या आठवडाभर आधी मी त्यावर गरम दुधाचं पातेलं टेकवलं. उचललं तर खाली पांढरं कडं.

मी भित्री आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची लेक ज्ञानदा तेव्हा चौदा महिन्यांची. प्लगांना झाकणं, जिन्याला दोन फाटकं, पाकिटामागचं सगळं वाचून मग बिस्कीट. सौमित्र म्हणायचा, ही पाण्याच्या बाटलीवरचे इन्ग्रेडियंट्सपण वाचते.

तेलाने कडं जाईल म्हणून आणायला गेले, तर हार्डवेअरच्या दुकानात लिनसीड ऑइलचे दोन डबे होते. एक रॉ, एक बॉइल्ड. लिनसीड म्हणजे आपलं जवस. अमरावतीला आमच्या ताटात जवसाची चटणी नाही असा दिवस नसायचा. या परक्या दुकानात तो शब्द दिसला आणि मला एकदम बरं वाटलं. ज्ञानदा दिसेल ते लाकूड चाटायची. मग कच्चं घ्यावं की उकळलेलं? दूध उकळतो, पाणी उकळतो, तिच्या बाटल्या उकळतो. उकळलेलं म्हणजे निर्धोक. डबा उलटून मागचं काही मी वाचलं नाही. माहेरच्या वस्तूचं काय वाचायचं?

सोमवारी सकाळी आईच्या जुन्या सुती पातळाचे चार तुकडे घेऊन बसले. याच पातळाची ज्ञानदाची दुपटी केली होती. अकरापर्यंत साइडबोर्ड मधासारखा चमकायला लागला, कडं मात्र तसंच. फडकी अजून चांगली होती, टाकवेनात. घट्ट बोळा केला, ग्रोसरीच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि धुण्याच्या बास्केटमध्ये, मळक्या दुपट्यांवर ठेवली. बास्केट ज्ञानदाच्या खोलीला लागून असलेल्या क्लोजेटमध्ये. दार लावून घेतलं.

अडीचला ती झोपली होती. मी खाली मटार सोलत होते आणि भाजल्या जवसाचा वास आला.

आधी वाटलं, मनाचे खेळ. मग वाटलं, शेजारची उत्तरा काही भाजत असेल. पण उत्तरा कोल्हापूरची, तिच्या घरात जवस नसायचं. शेगडी बघितली. बंद. पुन्हा बघितली. स्मोक अलार्म गप्प होता. रोज जिऱ्याच्या फोडणीला बोंबलणारा तो अलार्म, हिरवा दिवा लावून गप्प. वास आता करपल्याचा येत होता. तवा विसरल्यावर येतो तसा.

जिन्यात तो दाट झाला. मी फाटकं उघडी टाकून धावले. आधी ज्ञानदा. उचलली, कडेवर घेतली. ती झोपेतच कुरकुरली. बाहेर पळायचं होतं, पण क्लोजेटच्या दाराला हात लागला आणि ते कोमट होतं. ही घरं लाकडाची, भिंती पुठ्ठ्यासारख्या. मी दार उघडलं.

ज्वाळा नव्हती. पिशवी वितळून बोळ्याला चिकटली होती, आईचं पातळ मधून काळं पडलेलं, आणि त्यातून धुराचा एकच दोरा. मी एका हातानं बास्केट ओढली. जिन्यावरून ती धडधडत खाली आली, मागोमाग मी, कडेवर मूल. ड्राइव्हवेवर ढकलून मागे सरले, आणि वारा लागल्याबरोबर भस्सकन पेटली. दुपट्यांसकट. मग घरात अलार्म वाजायला लागला.

उत्तराने 911 केलं. आलेल्या फायरमनने डबा मागितला, उलटा केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तेलात भिजलेली फडकी आपली आपण तापून पेट घेतात. बॉइल्ड तर जास्तच, म्हणाला. लवकर वाळावं म्हणून त्यात आणखी काय काय घालतात. तो चांगला माणूस होता, मला काही बोलला नाही. मी अनवाणी होते आणि ज्ञानदाला इतकं आवळलं होतं की ती रडायला लागली होती.

थँक्सगिव्हिंगला आत्या आल्या. कडं त्यांना दारातूनच दिसलं. मी सगळं सांगितलं, बोळ्यापर्यंत. त्यांनी वर, ज्ञानदाच्या खोलीकडे बघितलं.

"अगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी खोबरेल लावायचे. डोक्याला लावायचे तेच. ह्यांना कधी सांगितलं नाही. डॅनिश फर्निचरला खोबरेल म्हटलं तर काय म्हणाले असते! तुलाही तेवढ्यासाठीच नाही सांगितलं."

सौमित्र हसला. आत्याही हसायला बघत होत्या, पण त्यांचं बोट साइडबोर्डवरच्या कड्यावरून फिरत होतं.

कडं अजून आहे. आईने पाठवलेली जवसाच्या चटणीची बरणी मी उत्तराला देऊन टाकली. आणि दुपारी ज्ञानदा झोपली की मी क्लोजेटच्या दाराला तळहात लावून उभी राहते. दार गार असतं. तरी लगेच हात काढवत नाही.