उन्हाळी टायरवाले साडू

लाँड्रीवाल्याचे थोरले साडू एका दुपारी चहाला म्हणून आले आणि हिवाळाभर राहिले. यात आपला काही दोष नाही, असं ते कुणीही न विचारता सांगत. दोष टायरांचा होता.

साडू दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर माणसाला एकदा तरी मान ताठ करून पुढे बघावंसं वाटणारच. तेव्हा त्यांनी दवाखाना भागीदाराच्या गळ्यात घातला आणि एक गाडी घेतली. गाडी जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि चालू केली की कुणीतरी खोल घशात चूळ खेळवल्यासारखा आवाज करायची. तिच्यात ताकद इतकी होती की तिचं काय करायचं हे साडूंनाही नीट कळलेलं नव्हतं. आणि तिला होते उन्हाळी टायर. मऊ रबराचे. रस्ता तापलेला असला की वळणावरही आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू न देणारे. पण पारा सात अंशांखाली गेला की हे रबर कडक व्हायचं आणि पकड सोडायचं. शून्याच्या बरंच खाली गेला तर गाडी जागची हलवूसुद्धा नये, रबराला तडे जाऊ शकतात, असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. साडू ते पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात ठेवत.

आले त्या दुपारी छान ऊन होतं. चहा होईपर्यंत वारा फिरला, आणि कप खाली ठेवेपर्यंत लाँड्रीच्या काचा धुरकटल्या. साडू बाहेर जाऊन गाडीत डोकावले. काट्यांशेजारी बर्फाचं इवलंसं चिन्ह लागलं होतं. ते परत आत आले, त्यांनी कोट काढला आणि खुंटीला लावला.

"आज काही निघता यायचं नाही," ते म्हणाले.

एका रात्रीचा प्रश्न आहे, असं लाँड्रीवाल्याला वाटलं. सकाळी साडूंनी गाडी चालू केली, पायाने नुसतं सुचवावं तितकं सुचवलं, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडीने शेपूट झुलवलं, गर्रकन वळली आणि लाँड्रीच्या फाटकात तिरकी जाऊन बसली. नाक एका भिंतीला, शेपूट दुसऱ्या भिंतीला. मधे घडी केलेली उशीची खोळ सरकवायलाही जागा उरली नाही. ढकलून सरळ करू, असं लाँड्रीवाला म्हणाला, तोवर पारा आणखी उतरला होता आणि साडूंनी पुस्तक बाहेर काढलं होतं.

दुसरे टायर का नाही बसवत, हिवाळ्याचे मिळतात की, असं त्याने लगेच सुचवलंही. साडूंनी त्याच्याकडे किडक्या दाढेकडे बघावं तसं बघितलं.

"पहिलवानाला सपाता घालून आखाड्यात उतरवायचं?"

थोरल्या साडूला 'आता तुम्ही निघा' म्हणायची सोय नसते. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा तो. ती थोरली, म्हणजे ताई, त्यांच्याबरोबर आलीच नव्हती. गाडी घरात आल्यापासून तिने तिच्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. सकाळी उठल्यापासून टायर, जेवताना टायर, दिवा मालवल्यावर अंधारातही टायर, असं ती फोनवर धाकटीला सांगायची. आता ती तिकडे एकटी होती, आणि टायर इकडे.

लाँड्रीवाल्याचं बाकी काही अडलं नसतं. घर लाँड्रीच्या वरच होतं, एक खोली मोकळी होती, साडू जेवायचे बेताचं आणि घोरायचे त्याहून कमी. पण बॉयलरच्या शेजारी दोन खुर्च्या होत्या. संध्याकाळी शेवटचे कपडे मशिनमधून निघाले की लाँड्रीवाला एका खुर्चीवर आणि त्याची बायको दुसऱ्या खुर्चीवर बसून चहा प्यायची. लग्न झाल्यापासून. फार काही बोलायची नाहीत. कुणाच्या बाहीवरचा डाग निघाला, कुणाच्या खिशात काय सापडलं, इतकंच. मग कप धुवायचे आणि वर जायचं. दिवसभर गर्जणारी लाँड्री तेवढा वेळ गप्प असायची.

साडूंना थंडी वाजायची. दुसऱ्या संध्याकाळपासून बायकोची खुर्ची त्यांची झाली. बायको इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून चहा प्यायला लागली आणि लाँड्रीवाला साडूंच्या तोंडून रबराबद्दल ऐकायला लागला. रबर थंडीत कसं आक्रसतं, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद का असतात, तापलेला टायर रस्त्याला कसा बिलगतो. लाँड्रीवाला मान डोलवायचा आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघायचा. तिथे बायको पाठमोरी उभी असायची.

त्याला वाटलं होतं फाटक बंद तर धंदा बसेल. उलटंच झालं. गाडीला चार दारं होती. रस्त्याच्या बाजूचं मागचं दार उघडून आत शिरायचं, सीटवरून सरकायचं आणि अंगणाच्या बाजूच्या दारातून उतरायचं, अशी वाट गिऱ्हाइकांनी आपली आपणच शोधून काढली. साडूंनी आधी थयथयाट केला, मग बूट काढायला लावले, आणि मग स्वतःच पुढे बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करायला लागले. सीट आतून गरम व्हायची. मळक्या चादरींचं गाठोडं मांडीवर घेऊन बायका तिथे टेकायच्या त्या उठायच्याच नाहीत. पोस्टमन पत्रं आणायचा आणि डोळा लागल्यावर ती घेऊनच परत जायचा. एक म्हातारे गृहस्थ तर रोज तोच एक हातरुमाल धुवायला आणायला लागले. जाताना सगळे टायरांची तब्येत विचारून जात. साडू तापाचं थर्मामीटर रबराला लावत आणि खेदाने मान हलवत.

एका सकाळी बायको गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकलेली त्याला दिसली, हातात फडकं, तोंड टायरच्या अगदी जवळ. लाँड्रीवाल्याच्या मस्तकात तिडीक गेली. आता ही टायरही पुसायला लागली. माझ्या चष्म्याची काच कधी पुसली नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. त्याने आयुष्यात पुष्कळ काही असंच गिळलेलं होतं.

थंडी काही हटेना. पारा सातच्या आसपास यायचा, साडूंच्या चेहऱ्यावर आशा दिसायची, आणि मग परत घसरायचा. शेवटी लाँड्रीवाल्याने ठरवलं की हवा तापत नसेल तर टायर आपण तापवू. वाळवणीच्या मशिनमधून तो कढत टॉवेल काढायचा, पळत अंगणात जायचा, टायरभोवती गुंडाळायचा, निवलेले काढून परत आणायचा. चार टायर, चार बाळंतिणी असल्यासारखी त्यांची सरबराई चालली होती. साडू हात मागे बांधून पाहत होते आणि मागच्या डाव्याला जरा जास्त शेक हवा, अशा सूचना देत होते. बायको खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

दुपारपर्यंत टायर तापले. थर्मामीटर बघून साडूंचे डोळे पाणावले. ते गाडीत बसले, चूळ भरल्याचा आवाज झाला, गाडी वीतभर हलली, थंडगार फरशी टायरांना लागली आणि चाकं पुन्हा जागीच फिरायला लागली.

"टायर तयार आहेत," साडूंनी काच खाली करून सांगितलं. "रस्ता तयार नाहीये."

शहाणा माणूस इथे थांबला असता. लाँड्रीवाला आत गेला आणि चौकातल्या हॉटेलच्या नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरी उचलून घेऊन आला. वाफा निघत होत्या त्यांच्यातून. त्याने त्या चाकांपुढे अंथरायला सुरुवात केली. फाटकापासून रस्त्यापर्यंत पांढरीशुभ्र वाट झाली. शेजारपाजारचे बघायला जमले, गाडीतल्या सीटवरची दोन गिऱ्हाइकं दोन्हीकडच्या खिडक्यांतून बाहेर बघायला लागली, आणि साडूंनी पाय दाबला. पहिली चादर चाकाखाली गेली, गोळा झाली आणि मागून तोफेतून सुटावी तशी उडाली. तिच्या पाठोपाठ दुसरी. गाडी तसूभरही हलली नाही. तिसरी चादर लाँड्रीवाल्याच्या डोक्यावर येऊन पडली.

त्याने ती काढून पाहिली. मधोमध रबराचा काळा पट्टा उमटला होता. हा डाग निघणारा नव्हता, हे त्याला पाहताक्षणी कळलं. तो तशीच चादर घेऊन आत गेला आणि बायकोपुढे उभा राहिला.

"मला माझा चहा परत पाहिजे," तो म्हणाला.

"चहा मिळतो की रोज."

"तो नाही. तू शेजारी बसून पितेस तो. खुर्ची गेली चुलीत, गाडी गेली चुलीत. मला संध्याकाळी तू शेजारी पाहिजेस. त्याच्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही मला. कळलं?"

एवढं लांबलचक तो लग्नातही बोललेला नव्हता. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो चादर भिजत घालायला निघून गेला. बायकोच्या हातातली घडी अर्धीच राहिली होती. मग ती वर गेली आणि थोड्या वेळाने खाली आली. संध्याकाळी साडूंनी नेहमीच्या खुर्चीवर बसून रस्ता तापवण्याची आणखी एक योजना सांगितली. लाँड्रीवाल्याने मान डोलवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच एक टेम्पो गाडीसमोर येऊन थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून ताई उतरली. मागून टायरवाला उतरला, आणि त्याने एकामागून एक चार टायर खाली लोटले. हिवाळी. खोल खाचांचे, जाडेभरडे.

साडू पुढच्या सीटवरून बाहेर आले. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग टायरांकडे, मग गुडघे टेकून ते टायरांच्या कडेवरचे आकडे वाचायला लागले. चुकलेलेच असणार अशी त्यांची खात्री दिसत होती. ते एका टायरवरून दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर आले.

"मागचे रुंद आणलेस," ते म्हणाले. "पुढचे अरुंद. बरोब्बर. तुला कसं माहीत?"

"इतके दिवस ऐकतेय, काहीतरी डोक्यात राहणारच," ताई म्हणाली.

लाँड्रीवाल्याच्या बायकोने मान खाली घातली आणि आधीच इस्त्री झालेल्या शर्टावरून पुन्हा इस्त्री फिरवली.

पहिलवान, सपाता, आखाडा, यातलं काहीही साडूंनी काढलं नाही. टायरवाल्याने गाडी जॅकवर उचलली, उन्हाळी टायर उतरवले आणि हिवाळी चढवले. घर येईपर्यंत टायर हा शब्द काढायचा नाही, अशी अट घालून ताई गाडीत बसली. पहिल्यांदाच. सीट गरम लागली तशी ती जरा दचकली, मग मागे रेलली. गाडी निमूटपणे फाटकातून सुटली, सरळ झाली आणि एखाद्या कामाला निघालेल्या घोड्यासारखी चालत रस्त्याच्या टोकाला वळली. साडूंनी मागे वळून हात हलवला. त्यांचे डोळे पुन्हा पाणावले होते, आणि यावेळी थर्मामीटर कुठे दिसत नव्हतं.

दिवसभर गिऱ्हाइकं नाराज होती. नुसतं फाटक उघडून आत यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हातरुमालवाले गृहस्थ रस्त्यावरूनच परत गेले.

संध्याकाळी शेवटचे कपडे निघाले. बायको दोन कप घेऊन आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. लाँड्रीवाल्याने पाय लांब केले. बॉयलर गप्प होत चालला होता. मग सकाळपासून त्याला कुरतडणारा प्रश्न वर आला.

एका दिवसात चार टायर, तेही बरोबर मापाचे, ताईला मिळाले कुठून, असं त्याने विचारलं.

"एका दिवसात कुठले? पहिल्याच आठवड्यात आणलेत तिने. आकडे मीच वाचून सांगितले, फडक्याने चिखल पुसून. तिच्या जिन्याखाली पडून होते."

लाँड्रीवाल्याच्या हातातला कप तोंडापर्यंत जाता जाता राहिला. "हिवाळाभर?"

"ताई म्हणाली, घर शांत आहे, बऱ्याच दिवसांनी झोप लागतेय, राहू देत त्यांना तिकडेच थोडे दिवस. मग काल फोन करून तिला विचारलं, तर म्हणाली, झाली माझी झोप, आता करमत नाही."

"आणि माझे हाल? ते तुला दिसत नव्हते?"

"दिसत होते." तिने कपातल्या वाफेवर फुंकर घातली. "पण तुम्हाला नेमकं काय परत हवंय, ते कळत नव्हतं. फाटक, की खुर्ची, की काय. इतक्या वर्षांत या चहाबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, मी इथे बसते म्हणून तुम्ही बसता."

त्याला रागवायचं होतं. हॉटेलच्या चादरी आठवल्या, टॉवेल आठवले, पोस्टमनही आठवला. पण राग काही जमून येईना. त्याला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला त्याने कप तोंडाला लावला.

"चहा छान झालाय," तो म्हणाला.

"साखर घालायची राहिलीय त्यात."

"माहितीये," असं म्हणून त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मग कुणाच्या खिशात आज काय सापडलं ते तिला सांगायला लागला.