निष्कर्ष आधी

बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्सची नोकरी केल्यावर तिनं पुढच्या कोर्सला नाव घातलं, आणि पहिल्याच सहामाहीत एक जाडजूड अहवाल गळ्यात पडला. बाळांच्या लशी वेळेवर का होत नाहीत, हा विषय. ती रोज कागद काढायची, विषय वाचायची आणि कागद परत ठेवून द्यायची.

तिचा नवरा इलेक्ट्रिशियन, फार टापटिपीचा माणूस. "सगळं एकदम बघितलं की हातपाय गळणारच," तो म्हणाला. "तुकडे पाड. प्रत्येक तुकड्याला तारीख." त्यानंच मग तुकडे पाडून तक्ता कपाटाला चिकटवला. सोपं आधी, अवघड मागाहून. निष्कर्ष छोटा, म्हणून तो सगळ्यात आधी उरकायचा. आयांना भेटणं वेळखाऊ, ते अखेरीला.

ती तारखा पाळत गेली. 'आया तारीख विसरतात,' असा निष्कर्ष लिहून झाला. प्रस्तावनाही झाली. पण डोक्यातला गुंता काही सुटेना. एकही तारीख चुकली नाही, मग बिनसतंय कुठं?

शेवटी झालेली पानं घेऊन ती कोर्सच्या मॅडमकडे गेली.

"किती आयांशी बोललात?" मॅडमनी विचारलं.

"अजून कुणाशीच नाही. ते पुढच्या महिन्यात आहे."

"मग त्या विसरतात हे कुणी सांगितलं?"

वॉर्डात सगळेच तसं म्हणायचे.

"शुक्रवारपर्यंत दोन-तीन आयांना भेटा. पुढचं तेव्हा ठरवू."

नवऱ्याला हे पटलं नाही. "म्हणजे पुढच्या तारखाच नाहीत?"

"एकच आहे, शुक्रवार," ती म्हणाली. तिलाही ते विचित्रच वाटत होतं.

लसीकरणाच्या खोलीबाहेर पहिली आई भेटली, ती हसली. "विसरीन कशाला, सिस्टर? सुई टोचली की पोर तापतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर जाऊ की त्याला घेऊन बसू? म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी येते." दुसरीच्या घरी सासू नको म्हणत होती. तिसरी मात्र खरंच विसरली होती.

घरी नवरा पेन घेऊन तक्त्यापाशी उभा राहिला. "निष्कर्ष झाला म्हणायचा की राहिला?"

"मला नाही कळत," ती म्हणाली.

शुक्रवारी तिनं मॅडमना सांगितलं, "एकीचं दुसरीशी जुळत नाही."

"मग तसंच लिहा. आणि बुधवारपर्यंत आणखी चौघींना भेटा."

अशी एकेक तारीख घेत, थोडी मुदतवाढ मागून, तिनं अहवाल दिला. तो पासही झाला. निष्कर्ष नेमका काय निघाला, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोलत राहिली, आणि त्याला अर्धंच समजलं.