मिस्त्रीच्या वहीतलं पान

आमच्या ह्यांना घरात बसता येत नाही. बसले तरी पाय हलत असतो. सव्वीस वर्षं गोंदियाजवळच्या गोरेगावात राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून काढली, तिथं दिवसभर पायाखालची जमीन थरथरायची, त्यामुळं असेल. एप्रिलात मिल बंद झाली. मालकाच्या पोरांना रायपूरला फ्लॅट बांधायचे होते, धानाच्या भुशात त्यांचा जीव गुदमरत होता म्हणे. आणि रत्नपाल मिस्त्री वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुकरची शिटी दुरुस्त करू लागले. शिटी चांगली होती.

काम शोधलं नाही असं नाही. गोंदियाच्या मोठ्या मिलांत तीनदा जाऊन आले. तिथं कुठं काय बिघडलं ते मशीनच काचेवर लिहून दाखवते. "चाचा, अब आराम करो," असं एका मॅनेजरनं सांगितलं. नकारापेक्षा ह्यांना ते 'चाचा' जास्त लागलं. सडक अर्जुनीला एका ढाब्यावर ट्रक ओळीनं लावून देण्याचं काम मिळत होतं. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि महिनाभर विचारच करत राहिले.

धान कापणीला आला तेव्हा तर ह्यांच्याकडं पाहवेना. मी दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणी करून घरी आले की माझ्या पदराला चिकटलेला दाणा काढायचे, दाताखाली धरायचे आणि सांगायचे, "अजून ओला हाय." मिल नव्हती, पण दाणा वाळला की नाही ही काळजी ह्यांचीच होती.

अशात हेमेंद्र आला. हा राजनांदगावकडचा व्यापारी. त्यानं आमच्या मिलची जुनी मशीन विकत घेतली होती. ती सुटी करून तिकडं न्यायची आणि पुन्हा उभी करायची होती. सुटी करायला त्यानं ह्यांना बोलावलं. उभी करायला त्याची माणसं होती.

"जो खोलते त्यालेच जोडता येते," मी म्हटलं. "तुमी सांगा न त्याले, मीच येतो म्हनून."

"त्यानं इचारलं तं जाईन."

ह्यांचं हे असंच. त्यानं काही विचारलं नाही.

नऊ दिवस काम चाललं. प्रत्येक भागावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला. कोणता भाग कशाला जोडायचा, कुठं किती फट ठेवायची, ते सगळं एका दोनशेपानी वहीत लिहून काढलं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगाला भुशाचा वास असायचा. मला तो वास कधी आवडला नव्हता. त्या नऊ दिवसांत मी ह्यांचे कपडे मुद्दाम उशिरा धुतले.

"इतकं कायले लिवून राहिले?" मी विचारलं. "हे वाचून तं मीबी मशीन चालवीन."

"तसंच पायजे," ते खूश होऊन म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभराचं शहाणपण असं वहीत भरून कोणी देऊन टाकतं का? वही द्यायच्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले आणि मी पॉलिशरचं पान फाडलं. पॉलिशर म्हणजे तांदूळ पांढरा करणारा भाग. त्याची फट चुकली की तांदळाचा चुरा होतो, हे ऐकून ऐकून मलाही पाठ होतं. पान पेटीत साडीखाली ठेवलं. तांदूळ तुटला की बोलावतील झक मारत, असा माझा बेत.

वही दिल्यावर पंधरा दिवसांनी हेमेंद्रचा फोन आला.

"मिस्त्री, चावल टूट रहा है. कॉपी में पॉलिशर का पन्ना ही नहीं है. आप आ जाओ. मशीन जम गई तो आगे का भी देखेंगे."

मी मनातल्या मनात ह्यांची बॅग भरायला घेतली.

"पन्नाच नाई?" हे स्वतःशीच बोलले. "मंग मी लिवलोच नाई वाटते." आणि फोनमध्ये म्हणाले, "हेमेंद्रभाऊ, दुसरा मिस्त्री देखो जी. मेरा अब भरोसा नहीं."

फोन ठेवून त्यांनी हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले.

"एक नट कधी इसरलो नाई वं मी. अन् आता पूर्ण पॉलिशर इसरलो. उद्यापासून ढाब्यावर जातो. ट्रक लावनं तेवढं जमन मले."

मिल बंद झाली तेव्हाही ह्या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता. मी पेटी उघडली, पान काढून हातात दिलं आणि काय केलं ते सांगून टाकलं.

वाटलं, आता शिव्या पडतील. त्यांनी पान उजेडात धरलं, बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ओरडलेच, "लिवलो होतो! पाह्य, लिवलो होतो मी! फटबी लिवलो, पट्ट्याची निशानीबी लिवलो!"

मी रडत होते, ते त्यांना दिसलंही नाही. त्यांनी फोन उचलला. मी हात धरला.

"थांबा न. पान घेऊन तुमीच जा. आता तं त्यानं बलावलन."

"देवरीवरून राजनांदगावले जाता जाता संध्याकाळ होईल. तवरिक तांदूळ तुटत राहीन?"

"तुटू द्या न!"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हात सोडला. मग पूर्ण पान फोनवर वाचून दाखवलं, सावकाश, दोनदा. तासाभरानं हेमेंद्रनं कळवलं, "एकदम सही, मिस्त्री. एक दाना नहीं टूट रहा. अब आप तकलीफ मत करो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढाब्यासाठी डबा भरला. दारात चप्पल घालताना ते थांबले.

"नीला, तू पान फाडलं नसतं, तं त्यानं मले फोन केला असता का वं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाई," म्हटलं.

"मंग बरं केलं." त्यांनी डबा घेतला. "एक डाव तरी बलावलन."