उद्धवरावांना टोचलेली सुई

मी विणायची सुई बोलतेय. शिवायची नव्हे, त्या सुईला नेढं असतं आणि मान असतो. मला दोन्हीकडे टोक आहे आणि मधे काहीच नाही. जन्मानं मी सायकलच्या चाकातली तार. तळवड्याच्या दौलतरावांची सायकल देहूरोडच्या उतारावर एका बैलगाडीवर आपटली, तेव्हा पुढच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या. त्यांनी त्या फेकल्या नाहीत. प्रत्येकीचे दोन तुकडे केले, दगडावर घासून घासून टोकं काढली आणि खोबरेल तेल लावून धोतराच्या सोग्यानं पुसलं. अशा आम्ही चौघी झालो. ही गोष्ट चोपन्न सालची.

मोजा विणायला चौघी लागतात. तिघींवर सोळा-सोळा टाके बसतात आणि चौथी मोकळी असते. ती टाके उचलत जाते, मग तिच्या जागी दुसरी मोकळी होते. कुणी कायमची मोकळी नाही आणि कुणी कायमची अडकलेली नाही. माणसांच्या घरात अशी सोय मला दिसली नाही.

दौलतराव हे लढाईवरून परतलेले शिपाई. इटलीच्या डोंगरात बर्फात उभं राहून त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. इस्पितळात तीन महिने पडून होते, तेव्हा तिथल्या एका गोऱ्या सिस्टरनं पडलेल्यांच्या हाती लोकर दिली. बाकीच्यांनी वेळ घालवला, हे मात्र शिकले. मोजा कोरडा असता तर बोटं राहिली असती, एवढं एक त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गावी आले, पुढे पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता तिथे फाटकावर रखवालदार झाले आणि दिवसपाळीला स्टुलावर बसून मोजे विणू लागले.

आता तळवड्यात लोकरीच्या मोज्याचं काय काम? गावात निम्मे लोक अनवाणी, उरलेले वहाणा घालणारे. पण दौलतरावांचा हात सुटलेला. ते मोजे वाटत सुटले. लोकांनी घेतले, नाही कोण म्हणतो? शेजारच्या सोनबानं त्यात तंबाखूची चंची ठेवली. एकीनं चहाच्या तांब्यावर चढवला. कुणी त्यात मेथीचं बी भरून आढ्याला टांगलं. बैलपोळ्याला एका बैलाच्या दोन शिंगांवर दौलतरावांनी आपलाच जोड ओळखला, तेव्हा ते नुसते म्हणाले, "टाच नीट बसली न्हाई." पायात मात्र कुणी घातला नाही.

लोकर पुण्याच्या जुन्या बाजारातून यायची. लष्करातून टाकलेले स्वेटर ते आणत, उसवत, लडी करून धूत आणि उन्हात दगड बांधून सरळ करत. पत्र्याच्या पेटीत खाकी होती, करडी होती, आणि कुठल्याशा साहेबाच्या मफलरीची थोडीशी तांबडी होती. त्या थोड्याशा तांबडीचे बेत फार. करड्या मोज्याला तांबडी टाच. नाही, तांबडा चवडा. नाही, वरच्या पट्टीला दोन रेघा आणि उरली तर टाच. तेव्हा सरकारची पंचवार्षिक योजना चालली होती, आमच्या पेटीतली तिच्याहून लांबलेली होती. तांबड्या लोकरीला ते महिन्यातून एकदा बाहेर काढत, हातात तोलत आणि परत ठेवत.

त्यांच्या बायकोला, सोजराबाईंना, याची लाज वाटे. "अवो, बायामाणसांचं काम ते," त्या म्हणत. "पाणवठ्यावर मला इचारत्यात, कारभारी चोळीबी शिवतात का म्हनून." दौलतराव पुटपुटत टाके मोजत असत. मोजताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे भांडण कधी पुरं झालं नाही.

त्यांना एकच मुलगी, रंभा. छप्पन साली तिला पुनावळ्याचं स्थळ आलं. मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या त्याच कारखान्यात आत कामाला होता, पगारी होता, शिवाय घरची शेती. बाप नव्हता, सगळं चुलत्याच्या हाती. चुलते म्हणजे उद्धवराव, पंचक्रोशीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते. असं स्थळ दारात चालून आल्यावर सोजराबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

पाहुणे यायच्या सकाळी त्यांनी घर सारवलं, भांडी घासली आणि शेवटी नजर गेली ती आमच्यावर. आम्ही चौघी एका अर्ध्या करड्या मोज्यात अडकून कोनाड्यात बसलो होतो. दारात बैलगाडी थांबल्याचा आवाज आला. पेटी माळ्यावर गेलेली. सोजराबाईंनी आम्हाला उचललं आणि हाताला आली ती जागा गाठली, म्हणजे पाहुण्यांसाठी अंथरलेल्या घोंगडीची खालची घडी. मानाची बैठक. तिथे कोण बसणार, हे घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

उद्धवराव बसले. अंगानं भरलेले. मी टोकानं वर होते. यापलीकडे मी काय सांगू?

ते एवढ्या जोरात उठले की त्यांचा फेटा तुळईला लागला. "अगायायाया!" मग घोंगडी उचलली गेली आणि चार तारांसकट अर्धा मोजा सगळ्यांसमोर आला. त्यांच्या वजनानं मी मधोमध वाकले ती आजतागायत वाकडी आहे.

"हे काय म्हनायचं?" उद्धवरावांनी विचारलं.

"पोरीचं हाय," सोजराबाई पटकन म्हणाल्या. "इनती ती. लई नाद."

उद्धवरावांचा चेहरा बदलला. टोचलेलं विसरून ते खूश झाले. मुलगी बघायला गेलं की कुणी दोरा ओवायला सांगतो, कुणी चार पावलं चालायला. त्यांनी मोजा रंभेपुढे धरला. "वा! मग दाव बघू दोन ओळी इनून."

रंभेनं आम्हाला हातात घेतलं. तिनं बापाला विणताना हजारदा बघितलं होतं, पण सुई कधी धरली नव्हती. तिचे हात गार होते. तिनं मला टाक्यात घातलं, पण उलट्या बाजूनं. एक टाका सुटला, मग दुसरा, मग तिसरा खाली पळाला. सगळे बघत होते. उद्धवरावांच्या कपाळावर आठी पडायला लागली, की मुलीला येत नाही आणि आई खोटं बोलते.

"ते माझं हाय," दौलतराव म्हणाले.

उद्धवरावांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बाहेर बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"मी इनतो," ते पुन्हा म्हणाले. "फौजेत शिकलो. पोरीचा काय दोष न्हाई."

उद्धवराव वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. चहा घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, मुलगी पसंत हाय. घर पसंत हाय. पर उद्या पंगतीत लोक म्हनतील, पुनावळेकरांचा व्याही मोजं इनतो. आमाला खाली बघावं लागंल. तुमी शब्द द्या, पुन्हा ह्या सुया हातात धरणार न्हाई. मग आत्ता सुपारी फोडू."

मला वाटलं होतं, दौलतराव जरा विचार करतील. बर्फात बोटं गेलेला माणूस, बारा वर्षांचा हात. त्यांनी रंभेकडे बघितलं आणि म्हणाले, "दिला." पानाला चुना लावायला लागेल तेवढाही वेळ घेतला नाही. सुपारी फुटली.

त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला शिवलं नाही. कोनाड्यातून काढून ठेवायचं झालं तरी सोजराबाईंना सांगत. फाटकावर स्टुलावर बसत, तेव्हा हात मांडीवर उताणे पडलेले असत. हे मला पुढे सोजराबाईंच्या बोलण्यातून कळलं. त्याच बाई ज्यांना लाज वाटायची, त्याच आता शेजारणीला सांगत होत्या, "आता घरात मानूस हाय का न्हाई कळत न्हाई बाई. टाकं मोजायचं तेबी ऐकू येत न्हाई." आधी मोजलेलं चालत नव्हतं, आता न मोजलेलं चालेना.

आठ-दहा दिवसांनी रंभेनं तो अर्धा मोजा उचलला. बापासमोर बसली आणि म्हणाली, "आबा, तुमी हात लावू नगा. नुसतं तोंडानं सांगा."

दौलतराव हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "डाव्या बाजूनं घाल. तशी न्हाई. दोरा म्होरं. आता काढ." असं चार महिने चाललं. तोंडानं विणकाम शिकवणं म्हणजे काठावरून पोहणं शिकवण्यासारखं. ते चिडत, रंभा रडत असे, सोजराबाई दोघांना भाकरी वाढत. पण टाच वळवायला आली. माझ्या वाकडेपणामुळे तिचा हात अडायचा, पण तिनं मला टाकलं नाही.

सत्तावन्नच्या वैशाखात लग्न झालं. मी तेव्हा रंभेच्या पेटीत होते. पण कन्यादानाचा तो प्रसंग रंभा आणि ज्योतीरामनं माझ्यादेखत इतक्यांदा सांगितला आहे की मी तो पाहिल्यासारखाच सांगू शकते.

मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुवायचे असतात. परातीत ज्योतीरामचे पाय होते, सोजराबाई तांब्यानं पाणी घालत होत्या, भटजी मंत्र म्हणत होते. दौलतरावांनी पाय हातात घेतला आणि थांबले. दोन्ही टाचा सोललेल्या होत्या. वहाणेत वाढलेला पाय, कारखान्यात कंपनीचे बूट सक्तीचे. हळद लागून ती जागा पिवळी आणि लाल झाली होती. दौलतरावांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत हळूच वीत टाकली. मग पुढे दोन बोटं.

"अवो, पुसा की पाय," सोजराबाई कुजबुजल्या.

ज्योतीराम खाली वाकला. "मामा, माप घेताय व्हय?"

दौलतरावांनी हात झटकन मागे घेतला. मागेच उद्धवराव अक्षता घेऊन उभे होते. "न्हाई. सवय हाय."

"घ्या की नीट," तो पोरगा म्हणाला. "बुटानं जीव चाललाय माझा. परवा पाळीवर लंगडत गेलतो."

दौलतरावांनी पाय परत हातात घेतले. दोन्ही पाय पंच्यानं पुसले, टाचा मात्र न घासता नुसत्या टिपल्या. मग शेजारी बसलेल्या रंभेकडे न बघता, भटजींच्या आवाजाखाली म्हणाले, "एक वीत, दोन बोटं. टाच जाड ठेव."

लग्नात बापानं मुलीला दिलेला उपदेश तेवढाच.

पुनावळ्यात रंभेनं पहिला जोड विणला तो एक पाय मोठा, एक लहान. दुसरा बरा झाला. तांबडी लोकर बापानं पेटीत घालून दिली होती, ती सगळी तिनं ज्योतीरामच्या टाचांना लावून टाकली, बेत-बित काही न करता. जाड टाच बुटात बसली आणि पाय सोलायचा थांबला. पाळीवरचे लोक आधी हसले, मग माप घेऊन येऊ लागले. सुनेनं विणलेलं, त्यामुळे कुणाची मान खाली गेली नाही.

अठ्ठावन्नच्या थंडीत उद्धवराव आजारी पडले. पायांना गारठा चढायचा, शेकून उतरत नसे. रंभेनं त्यांच्या पायांत मोजे चढवले. त्यांनी डोळे मिटूनच म्हटलं, "गरम हाय गं." दौलतराव भेटायला आले, एकदा नव्हे, तीनदा. खाटेजवळ बसायचे, त्या पायांकडे बघायचे. मला वाटायचं, आता म्हातारा म्हणेल, जाऊ द्या तो शब्द. उद्धवराव बैलांचं बोलले, ऊस लावावा का ते बोलले. त्यांच्या मनात ती गोष्टच नव्हती. ज्यानं घेतला त्याच्या लेखी तो शब्द सुपारीबरोबरच संपला होता. आणि दौलतरावांनी आपणहून विचारलं नाही. माघात उद्धवराव गेले.

"आता कुनाची आडकाठी?" सोजराबाई तेराव्यानंतर म्हणाल्या. "धरा की सुया."

"ज्याला दिला त्यानं परत द्यायचा असतो," दौलतराव म्हणाले. "आता कुनाकडं मागू?"

ज्योतीराम म्हणाला, "चुलत्याच्या जागी मी देतो परत." दौलतराव हसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ऐकलं नाही. मला हा हट्ट पटत नाही. मी लोखंडाची, तरी एकदा वाकले.

आज एकोणसाठ सरत आलं. मी रंभेच्या हातात आहे, तीन सरळ बहिणींबरोबर. दर रविवारी दौलतराव सायकलवर पुनावळ्याला येतात. ओट्यावर बसतात, रंभा समोर विणत असते. ते बघत असतात, आणि थोड्या वेळानं त्यांची मान पुढे येते. "थांब. टाका गाळलास. दोन ओळी मागं." ती म्हणते, "कुठं, आबा? मला तर दिसंना." मग ते बोट दाखवतात, न शिवता, आणि सांगत सुटतात. दोरा कसा, टाच कशी, बर्फात कोणाचे पाय कसे होते, सिस्टर काय म्हणायची. तासभर तरी त्यांचे हात हवेत विणत असतात. संध्याकाळी उठताना म्हणतात, "अजून कच्ची हाईस तू. पुढच्या ऐतवारी येतो."

रंभेचा टाका दीड वर्षात सुटलेला नाही. अंधारात टाच वळवते ती. रविवारी सकाळी, सायकलची घंटी वाजायच्या आधी, ती माझ्यावरचा एक टाका बोटानं हळूच खाली ढकलते. तो मला जाताना जाणवतो.

मी हे आजवर कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला सांगितलं. तळवड्याकडे जाणं झालं, दौलतराव भेटले आणि मुलगी अजून कच्ची आहे म्हणाले, तर तेवढं होय म्हणा.